मध्ययुगीन इंग्लिश उमरावाचं घर कसं चालायचं? विल्यम मार्शलच्या कुटुंबाकडे पाहून

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन इंग्लंडमधल्या एका उमरावावर मराठीत कादंबरी लिहायला घेतली आहे. तो वर्षभर आपल्या किल्ल्यात राहायचा का? दिवसभर काय करायचा? बायको-मुलांवर त्याची माया होती, की लग्न म्हणजे नुसता जमिनीचा व्यवहार? आणि हे सगळं आपल्याकडच्या जहागीरदारांसारखंच समजायचं का?

मी बरीच वर्षं महाविद्यालयात मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवला. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सनदा, खर्चाचे हिशेब, वाटण्यांचे कागद यांच्या छापील आवृत्त्या वाचणं हे माझं अजूनही नेहमीचं काम आहे. त्या आधाराने उत्तर देतो.

तुमच्या प्रश्नात उमराव मधोमध उभा आहे आणि कुटुंब त्याच्याभोवती. कागदांत चित्र उलटं दिसतं. तिथे मधोमध जमीन असते. ती लग्नातून, जन्मातून आणि मरणातून या हातातून त्या हातात जाते, आणि उमराव हा तिचा त्या घडीचा धनी असतो. दिनक्रमाचे तपशील मिळतील, पण हा पाया पक्का झाला नाही तर नायक मराठी वाचकाला एखाद्या चित्रपटातल्या चिलखती योद्ध्यासारखा वाटेल. म्हणून मी कुटुंबापासून सुरुवात करतो आणि दिनक्रमाकडे मागाहून येतो.

बरंच काही काळावर आणि ऐपतीवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगायला हवं. १०६६ ची नॉर्मन स्वारी ते १४८५ हा चारशे वर्षांहून मोठा काळ आहे. ११९० मधला अर्ल (सगळ्यांत वरच्या दर्जाचा उमराव) आणि १४५० मधला अर्ल यांच्यात भाषा, घर, शस्त्रं, जमिनीचे कायदे सगळंच वेगळं. एका परगण्यात चार गावं असलेला बॅरन आणि तीन देशांत जमिनी असलेला अर्ल यांचंही आयुष्य एक नव्हे. ‘मध्ययुगीन उमराव असा असा जगायचा’ असं एका वाक्यात सांगणाऱ्या माहितीवर विसंबू नका. त्यापेक्षा एकच घराणं घ्या आणि ते नीट समजून घ्या.

माझी निवड विल्यम मार्शलची. जन्म साधारण ११४७, मृत्यू १४ मे १२१९. तो गेल्यावर काही वर्षांतच त्याच्या थोरल्या मुलाने जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं पद्यचरित्र लिहवून घेतलं. १९,००० हून जास्त ओळींचं ते काव्य आज उपलब्ध आहे. राजघराण्याबाहेरच्या माणसाबद्दल त्या काळात इतकं तपशीलवार लिखाण जवळजवळ मिळत नाही. पण ते मुलाने पैसे देऊन लिहून घेतलेलं आहे. मी ते वाचताना स्तुतीचा भाग बाजूला ठेवतो आणि कवीने सहज, जाता जाता सांगितलेल्या गोष्टी टिपतो: कोण कुठे झोपलं, कोणाला ओलीस दिलं, कपड्यांवरून काय बोलणं झालं. अशा ठिकाणी कवीला खोटं सांगून काही मिळवायचं नव्हतं.

विल्यम धाकट्या मुलांपैकी. राजाच्या घोड्यांची आणि दरबारी शिस्तीची व्यवस्था पाहणारं ‘मार्शल’ हे पद बापाकडे वंशपरंपरेने होतं, पण ते थोरल्याकडे जाणार होतं. ११५२ साली राजा स्टीफनने न्यूबरीला वेढा घातला, तेव्हा बापाने पाचेक वर्षांच्या विल्यमला ओलीस दिलं आणि मग दिलेला शब्द मोडला. पोराला फाशी देऊ, अशी धमकी आली. बापाने उत्तर पाठवलं, की याहून चांगली पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण दोन्ही माझ्यापाशी आहेत. स्टीफनला काही ते मूल मारवलं नाही. त्या बापाचं मन दगडाचं होतं असं म्हणून पुढे जाऊ नका. मुलगा ओलीस देणं हा त्या जगात करारावर शिक्का मारण्याचा रोजचा प्रकार होता, आणि विल्यमने स्वतः पुढे आपल्या मुलांच्या बाबतीत तेच केलं.

बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर विल्यमला नॉर्मंडीत, नात्यातल्या तांकारव्हिलच्या सरदाराच्या घरी पाठवलं. उमरावांचे मुलगे असेच दुसऱ्याच्या घरी वाढत. घोडा, भाला, ताटात वाढण्याची रीत, मोठ्यांपुढे कसं उभं राहायचं, हे सगळं तिथेच शिकायचं. त्यामुळे बाप आणि वाढता मुलगा एका छपराखाली फारसे नसत. कादंबरीत बापलेकांचा रोजचा संवाद घालायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

वाट्याला जमीन नाही, म्हणून विल्यमने टूर्नामेंटवर, म्हणजे नाइटांच्या (घोडेस्वार योद्ध्यांच्या) लुटुपुटुच्या लढायांवर, पोट भरलं. या स्पर्धांत हरलेल्या नाइटला पकडून त्याच्याकडून घोडा, चिलखत आणि सुटकेची रक्कम घेता येई. रोजर द गोजी नावाच्या साथीदाराबरोबर त्याने दहा महिन्यांत १०३ नाइट पकडले, अशी नोंद चरित्रात आहे. हा हिशेब ठेवला होता विल्यम ज्याच्या पदरी होता त्या राजपुत्राच्या मुदपाकखान्याच्या कारकुनाने, म्हणून मला तो आकडा इतर बढाईंपेक्षा भरवशाचा वाटतो. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या थोरल्या मुलाचा, ‘तरुण राजा’ हेन्रीचा, तो शस्त्रगुरू आणि सोबती होता. ११८३ मध्ये तो राजपुत्र वारला, तेव्हा त्याचा नवस फेडायला विल्यम पवित्र भूमीला गेला. परतला तेव्हा वय चाळिशीच्या घरात, नाव मोठं आणि जमीन जवळजवळ शून्य.

इथून तुमच्या लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

मोठ्या सरदाराची जमीन तत्त्वतः राजाकडून मिळालेली असे. धनी मेला आणि वारस अज्ञान असला, की जमीन आणि वारस दोन्ही राजाच्या ताब्यात जात. तोवरचं उत्पन्न राजाचं, आणि वारसाचं लग्न कोणाशी लावायचं तेही राजा ठरवणार. हे पालकत्व तो विकायचा किंवा बक्षीस द्यायचा. एकटी मुलगी वारस राहिली, तर तिचा हात म्हणजे आख्खी जहागीर.

इझाबेल द क्लेअर अशी मुलगी होती. बाप रिचर्ड, ज्याला ‘स्ट्राँगबो’ म्हणत, तो वेल्सच्या सीमेवरचा सरदार. त्याने आयर्लंडच्या लेन्स्टरमध्ये जाऊन तिथला राजा डिअर्मिड मॅकमरो याची मुलगी इफा हिच्याशी लग्न केलं आणि लेन्स्टरवर हक्क मिळवला. बाप ११७६ मध्ये गेला, पुढे भाऊही लहानपणीच गेला, आणि वेल्सच्या सीमेवरचं चेपस्टो व लेन्स्टर या दोन्हींची वारस इझाबेल उरली. ती राजाच्या ताब्यात लंडनच्या टॉवरमध्ये होती. दुसऱ्या हेन्रीने मरण्यापूर्वी तिचा हात विल्यमला कबूल केला आणि नव्या राजाने, रिचर्डने, तो शब्द पाळला. काही आठवड्यांपूर्वीच फ्रान्समधल्या ल माँसजवळ विल्यमने बापाविरुद्ध उठलेल्या याच रिचर्डचा घोडा भाल्याने मारून त्याला जमिनीवर आणलं होतं, तरीही. ऑगस्ट ११८९ मध्ये लग्न झालं. नवरा साधारण बेचाळीस वर्षांचा, बायको सतरा-अठराची. लग्नाचा खर्च लंडनच्या एका धनाढ्य नागरिकाने केला, आणि नंतर दोघं सरेमधल्या स्टोक गावी एका मित्राच्या शांत घरी राहिली.

तिच्या नात्यातून नॉर्मंडीतल्या लाँगव्हिलच्या जमिनीत आणि तिला जोडलेल्या इंग्लंडमधल्या गावांत अर्धा हिस्सा मिळत होता. त्यासाठी विल्यमने राजाला २,००० मार्क देण्याचं कबूल केलं. मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश, म्हणजे ही रक्कम १,३३३ पौंडांवर जाते. त्या सुमाराला नाइटचा रोज साधारण एक शिलिंग होता. त्या हिशेबाने एका नाइटचा त्र्याहत्तर वर्षांचा पगार झाला. एका लग्नाने माणूस कुठून कुठे जाई, ते यावरून लक्षात यावं.

मग हा व्यवहार की माया? माझं उत्तर: सुरुवात व्यवहाराची होती यात शंका नाही, इझाबेलला कोणी विचारलं असेल असं मानायला आधार नाही. पण पुढची तीस वर्षं फक्त व्यवहाराने समजत नाहीत. दोघांना दहा मुलं झाली: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म हे पाच मुलगे आणि मटिल्डा, इझाबेल, सिबिल, इव्हा, जोन या पाच मुली. दहाच्या दहा मोठी झाली, ही त्या काळात विशेषच गोष्ट. तो राजाबरोबर फिरताना ती पुष्कळदा सोबत असे, आणि आयर्लंडच्या कारभारात तिचा शब्द चाले.

मला या घराचा सगळ्यांत बोलका प्रसंग वाटतो तो १२०७-०८ च्या हिवाळ्याचा. रिचर्डनंतर आलेल्या राजा जॉनचा विल्यमवरचा विश्वास उडाला होता. १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने जिंकली. विल्यमने आपल्या तिथल्या जमिनी वाचवण्यासाठी १२०५ मध्ये फ्रान्सच्या राजापुढे निष्ठेची शपथ घेतली. जॉनने थोरला मुलगा ओलीस मागितला. विल्यमने दिला. १२०७ मध्ये आयर्लंडला जायची परवानगी मागितली, तर जॉनला दुसरा मुलगाही हवा झाला. घरातल्या माणसांना हे पसंत नव्हतं, तरी विल्यमने रिचर्डलाही पाठवलं आणि कुटुंबासह लेन्स्टरला गेला. काही महिन्यांतच राजाने त्याला परत बोलावलं. आपल्या पाठीमागे तिथला राजाचा अधिकारी मेलर फिट्झहेन्री हल्ला करणार, हे त्याला दिसत होतं.

निघण्यापूर्वी त्याने लेन्स्टरच्या सरदारांना किलकेनीला गोळा केलं. गरोदर इझाबेलचा हात धरून तो त्यांच्यापुढे आला आणि बोलला. आशय असा: ही तुमच्या धन्याची मुलगी, ज्याने तुम्हाला या जमिनी दिल्या त्याची. जन्माने तुमची धनीण हीच आहे. इथे माझं जे काही आहे ते हिच्यामुळे आहे. मी येईपर्यंत हिला सांभाळा. एवढा नावाजलेला योद्धा आपल्याच सरदारांपुढे हे उघड बोलतो, आणि नंतर त्याचा मुलगा ते चरित्रात अभिमानाने लिहवून घेतो. उमरावाच्या घरात बाईचं स्थान काय, यावर एवढं स्पष्ट वचन मला दुसरं माहीत नाही.

पुढे झालंही तसंच. तो गेल्यावर आठवड्याभरात त्याच्या जमिनींवर हल्ले झाले, न्यू रॉस या नव्या गावात धान्याची कोठारं जाळली, माणसं मारली. किलकेनीला वेढा पडला तेव्हा इझाबेलने एका माणसाला तटावरून खाली सोडून मदतीचा निरोप धाडला. तिकडे इंग्लंडमध्ये राजा जॉन गिल्डफर्डहून बाहेर पडताना विल्यमला खोटंच सांगत होता, की तुझी आयर्लंडमधली माणसं मारली गेली. हिवाळ्यात समुद्र खवळलेला, जहाजं बंद, खरं-खोटं कळायचा मार्ग नाही. विल्यमने शांतपणे उत्तर दिलं, की ते तुमचेही सेवक होते, त्यामुळे हे वाईटच झालं. वसंतात खरी बातमी आली: त्याचीच माणसं जिंकली होती, आणि मेलरला शरण येऊन आपला मुलगा ओलीस द्यावा लागला होता.

आता घर म्हणजे कोण, ते पाहू. आपण कुटुंब म्हटलं की नवरा, बायको, मुलं एवढं डोळ्यांसमोर आणतो. उमरावाच्या घरात याखेरीज त्याचे स्वतःचे नाइट, कारभारी, खजिन्याचा माणूस, धर्मगुरू, पत्रं लिहिणारे कारकून, पागेवाले, आचारी, बेकर, धोबीण, शिकाऊ पोरं आणि पालकत्वात आलेली मुलं हे सगळे असत. जॉन ऑफ अर्ली हा असाच पालकत्वात आलेला पोर. पोरसवदा वयात विल्यमकडे आला, त्याचा शिलेदार झाला, १२०७ च्या संकटात लेन्स्टर सांभाळणाऱ्यांत तो होता, आणि विल्यम मरताना उशाशीही तोच. चरित्रातला पुष्कळसा मजकूर त्याच्याच आठवणींतून आलेला आहे. सख्ख्या मुलांपेक्षा अशी माणसं धन्याच्या जास्त जवळ असत. सनदांच्या शेवटी साक्षीदारांची नावं येतात, त्यांत कोण वरचेवर दिसतं हे मांडलं की घरातली खरी माणसं कळतात. कुठल्याही घराण्याचा अभ्यास मी तिथूनच सुरू करतो.

हे घर एका जागी बसत नसे. वर्षभर किल्ल्यात राहायचा का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. चेपस्टो, पेम्ब्रोक, किलकेनी, इंग्लंडमधली हॅमस्टेड मार्शल आणि केव्हर्शमसारखी गावं, १२०४ पर्यंत नॉर्मंडी, आणि याशिवाय राजाचा दरबार, असा सतत प्रवास चाले. कारणं साधी. मोठा लवाजमा एका जागी राहिला की तिथलं धान्य आणि वैरण संपते. लांबच्या जमिनीवर धनी दिसला नाही तर वसुली आणि न्याय दोन्ही ढिले पडतात. आणि राजाच्या नजरेआड झालेल्या माणसाचं नुकसान दुसरा कोणी तरी करतोच. दिंडीच्या पुढे मुक्कामाची सोय पाहणारी माणसं जातात तशी याच्याही पुढे माणसं जात, कोठार उघडत, भट्टी पेटवत, तबेले साफ करत. मागून गाड्यांवर पलंग, पडदे, भांडी, पूजेचं सामान आणि पेटाऱ्यांत पैसे येत. राहायचं घर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचं दगडी तटबंदीचं चित्र असेलच असं नाही. केव्हर्शमचं होतं ते टेम्सकाठचं मॅनर, शेतीवाडीतलं घर. किल्ला हा संकटाचा, प्रतिष्ठेचा आणि कारभाराचा. चेपस्टोच्या मुख्य दरवाजाची लाकडी दारं आजही तिथे पाहायला मिळतात. लाकडातल्या वर्तुळांवरून त्यांचं वय काढलं तेव्हा ती ११९० च्या आसपासची, म्हणजे या जोडप्याच्या अगदी सुरुवातीच्या काळातली निघाली.

रोजच्या खाण्यापिण्याचा तपशील विल्यमच्या घरचा मिळत नाही, पण त्याच्या सुनेचा मिळतो. राजा जॉनची मुलगी एलेनॉर हिचं लग्न १२२४ मध्ये थोरल्या मुलाशी, धाकट्या विल्यमशी झालं. मुलगी नऊ-दहा वर्षांची. सोळाव्या वर्षी ती विधवा झाली. ब्रह्मचर्याची शपथ घेतली, आणि ती मोडून १२३८ मध्ये सिमॉन द माँफर्टशी लग्न केलं. तिच्या घरखर्चाची फेब्रुवारी ते ऑगस्ट १२६५ ची गुंडाळी आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. रोजची नोंद: पाव किती, वाइन किती, बीअर किती, मुदपाकखान्यात काय आलं, पागेत किती घोडे आणि त्यांना ओट किती. जेवायला किती माणसं होती ते मात्र लिहीत नाहीत. म्हणून मी घोड्यांच्या आकड्याकडे पाहतो. नवरा किंवा मुलगे फौज घेऊन आले की तो आकडा कित्येक पटींनी चढतो, ते गेले की उतरतो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या, उपवासात मांस बंद, तेव्हा हेरिंग मासे शेकड्यांनी. शुक्रवारीही मासेच. मुख्य जेवण दुपारच्या आधी, मोठ्या दिवाणखान्यात, मानाप्रमाणे पंक्ती. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने. उरलेल्या वेळात तक्रारी ऐकणं, हिशेब, पत्रं, शिकार, ससाणे. तलवार उपसण्याचे दिवस वर्षात थोडे, कोर्टकचेरीचे फार.

त्या गुंडाळीत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे: नवरा देशाचा कारभार आणि लढाई यांत गुंतलेला असताना एवढं घर, एवढी पागा आणि शेवटी डोव्हरचा किल्ला ती चालवत होती. ४ ऑगस्ट १२६५ ला ईव्हशमच्या लढाईत नवरा आणि थोरला मुलगा मारले गेले, तरी हिशेब त्याच महिन्यात पुढेही चालू राहतो.

तुमच्या नायकाची भाषाही ठरवून टाका. बाराशे सालचा ‘इंग्लिश’ उमराव घरात फ्रेंच बोलायचा. कारकून लॅटिनमध्ये लिहायचे. शेतावरच्या माणसांची भाषा इंग्लिश, वेल्समध्ये वेल्श, लेन्स्टरमध्ये आयरिश. इझाबेलची आईच आयरिश राजकन्या. हे घर म्हणजे समुद्राच्या दोन्ही काठांवर पाय असलेलं होतं, आणि १२०४ मध्ये नॉर्मंडी गेल्यावर असल्या घरांना पहिल्यांदा एक किनारा निवडावा लागला.

जहागीरदारांशी तुलना करताना एक फरक विसरू नका. आपल्याकडे वतनात भावांचे हिस्से, त्यावरून भाऊबंदकी, हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं. इंग्लंडमध्ये मुलगे असतील तर जमीन थोरल्याला. धाकट्यांनी तलवार, चर्च किंवा वारसदार बायको यांतलं काही तरी शोधायचं. मार्शलच्या घरातला गिल्बर्ट असाच चर्चकडे धाडलेला. पण मुलगा एकही नसेल तर सगळ्या मुलींना समान वाटणी. म्हणजे एका पिढीत जमीन अखंड राहायची आणि पुढच्या पिढीत एकदम पाच तुकडे होऊ शकायचे. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकात मोठी घराणी विश्वस्तांकडे जमीन सोपवून, करारनामे करून हे टाळायला शिकली. तुमची कादंबरी त्या काळात घडत असेल तर वकील हे पात्र लागेलच.

या कौटुंबिक भीतीचा पुरावा म्हणून १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे राजा जॉनने सरदारांना दिलेली सनद, उघडून बघा. लोकांना त्यातलं न्यायाचं कलम आठवतं. पण चर्चच्या पहिल्या कलमानंतर लगेच, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंत, सगळी कलमं वारस, पालकत्व आणि विधवा यांच्याबद्दल आहेत. अर्लच्या वारसाने जमीन घेताना १०० पौंडांहून जास्त भरायचं नाही. पालकाने अज्ञान वारसाची जमीन उजाड करायची नाही. विधवेला तिचा वाटा विनाशुल्क मिळावा, नवऱ्याच्या घरी चाळीस दिवस राहता यावं, मनाविरुद्ध तिचं दुसरं लग्न लावू नये. बंड करून उठलेल्या सरदारांनी राजाकडे आधी काय मागितलं, ते यातून कळतं. त्या वर्षी विल्यम राजाच्या बाजूने वाटाघाटींत होता. १२१६ मध्ये जॉन मेल्यावर नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा तो राजप्रतिनिधी झाला, आणि बालराजाच्या नावाने त्याच सनदेच्या सुधारित प्रतींवर पोपच्या दूताबरोबर त्याने आपला शिक्का मारला. २० मे १२१७ ला लिंकनच्या लढाईत सत्तरीचा हा म्हातारा स्वतः घोड्यावर होता. ती लढाई प्रसिद्ध आहे, तिच्याबद्दल तुम्हाला सहज वाचायला मिळेल.

त्याच्या मरणाचं वर्णन मात्र नीट वाचा, कारण घरातली माया तिथे लपत नाही. १२१९ च्या सुरुवातीला लंडनमध्ये तो आजारी पडला. आपल्याच घरी मरायचं म्हणून त्याला होडीतून टेम्सवरून केव्हर्शमला नेलं, इझाबेल दुसऱ्या होडीतून मागे. मुली भोवती होत्या. एक दिवस त्याला गाण्याची इच्छा झाली, म्हणून मुलींना बोलावलं. मटिल्डा गायली. धाकटी जोन लाजत गायली, तर बापाने तिला शब्द कसे टाकायचे ते शिकवलं. जोनचं लग्न व्हायचं होतं, तिच्यासाठी जमीन आणि रोख रक्कम लावून दिली. धाकट्या अँसेल्मने आपल्या बळावर मिळवावं असं तो आधी म्हणाला, पण जवळच्या माणसांनी विनवल्यावर त्यालाही आयर्लंडमध्ये जमीन दिली. एका कारकुनाने सुचवलं, की साठवलेले उंची झगे विकून आत्म्याच्या कल्याणासाठी दान करावेत. तो रागावला. पेंटेकॉस्टचा सण येतोय, त्या दिवशी माझ्या नाइटांना झगे मिळायलाच हवेत, मी ते शेवटचे देणार. आणि तरीही टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघात जायची जुनी शपथ पाळायची होती. त्या संघाला स्त्रीचा स्पर्श वर्ज्य. तेव्हा संघाचा झगा अंगावर घेण्यापूर्वी त्याने इझाबेलला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की आता मला शेवटची मिठी मार, यापुढे मारता येणार नाही. दोघंही रडली, असं चरित्र सांगतं. त्याचं दफन लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये झालं. इझाबेल पुढच्याच वर्षी गेली, तिचं दफन वेल्समधल्या टिंटर्नला, आपल्या माहेरच्या माणसांच्या मठात.

यानंतरच्या पंचवीस वर्षांत घर संपलं. धाकटा विल्यम १२३१ मध्ये वारला. रिचर्ड १२३४ मध्ये आयर्लंडमध्ये लढताना झालेल्या जखमांनी गेला. चर्च सोडून अर्ल झालेला गिल्बर्ट १२४१ मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून. वॉल्टर आणि अँसेल्म दोघंही १२४५ मध्ये. पाचपैकी एकालाही औरस मूल नाही. मॅथ्यू पॅरिस या इतिहासकार मठवाशाने याचं कारण म्हणून एक शाप सांगितला आहे: विल्यमने फर्न्सच्या बिशपची दोन गावं बळकावली, ती मुलांनीही परत केली नाहीत, म्हणून बिशपने निर्वंशाचा शाप दिला. कादंबरीला ही कथा जरूर वापरा, पण ती पाचही जण गेल्यानंतर जुळवलेली दिसते. सासर-माहेरच्या एवढ्या मोठ्या जमिनीची मग पाच मुलींच्या शाखांत वाटणी झाली. वाटणी झाली तेव्हा फक्त मटिल्डा जिवंत होती, बाकीच्यांचे हिस्से त्यांच्या मुलांकडे. सिबिलला तर सात मुली, म्हणजे तिच्या पाचव्या हिश्शाचे पुन्हा सात भाग. मार्शलचं पद आणि चेपस्टो मटिल्डाच्या मुलांकडे, बिगॉड घराण्यात गेलं. किलकेनी मुलगी इझाबेल हिच्या वंशात, क्लेअर घराण्यात. लाजत गाणाऱ्या जोनच्या मुलीमार्फत पेम्ब्रोक व्हालांस घराण्यात गेलं. याच मुलीचा वंशज पुढे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस.

आणि सून एलेनॉर? विधवेचा वाटा म्हणून नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तिला मिळायला हवा होता. आयर्लंड आणि वेल्समधल्या हिश्शाऐवजी वर्षाला ४०० पौंडांवर तिला गप्प केलं गेलं, ही तक्रार तिने आणि सिमॉनने आयुष्यभर लावून धरली. १२५९ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांमधला पॅरिसचा तह तिच्या संमतीवाचून अडला, कारण ती आपल्या हक्काचा निकाल लागेपर्यंत बापाच्या फ्रान्समधल्या जमिनींवरचा वारसा सोडायला तयार नव्हती. दोन राजांचा तह एका विधवेच्या वाट्यावर अडतो, यावरून घरातल्या गोष्टींना तिथे किती वजन होतं ते समजा.

तेव्हा कादंबरीपुरतं माझं मत असं. संपूर्ण आयुष्य घेऊ नका. किलकेनीचा १२०७-०८ चा हिवाळा घ्या: दोन मुलगे राजाकडे ओलीस, नवरा समुद्रापलीकडे, बायको गरोदर आणि वेढ्यात, बातमी यायला वाट नाही. निवेदन इझाबेलच्या किंवा जॉन ऑफ अर्लीच्या तोंडी ठेवलंत, तर घर, लवाजमा, जमीन आणि राजा हे चारही धागे आपोआप हाती येतील. चौदावं किंवा पंधरावं शतकच हवं असेल, तर दशक नक्की करून पुन्हा विचारा, कारण वारसा आणि विधवेचा वाटा यांबद्दल मी वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी तिथे बदलाव्या लागतील.